आधी जाळी मोजली, मग लेन्स घेतली

गाडी ताशी १४० च्या आसपास वेगाने समोरून गेली, आणि फोटोत ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसत होती. चाकांच्या आऱ्या मोजता याव्यात इतक्या स्थिर. टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या माझ्या पहिल्या सकाळचा हा हिशेब. सातशे फोटो, सगळे लख्ख, आणि सगळे मेलेले.

चूक कुठून आली ते सांगते. मी फोटो काढायला शिकले भिगवणला. रोहित, शराटी, कधीतरी एखादा ऑस्प्रे. पक्ष्यांसाठी शटर २००० ला, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला, लावायचं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गाड्यांनाही मी तेच लावलं. पण पक्ष्याचे पंख गोठले तरी तो उडतोय हे कळतं. गाडीचं तसं नाही. १४० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण २१ फेरे मारतं. १/२००० सेकंदात ते चार अंशसुद्धा फिरत नाही. १/१२५ ला साठ अंश फिरतं, आऱ्यांची चकती होते, आणि तेव्हा कुठे गाडी पळतेय असं वाटतं. हे गणित मी त्या रात्री लॉजवर बसून केलं. जायच्या आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

मुळात रेसिंगचं वेड माझं नाही, माझ्या मावसभावाचं. तो कोल्हापूरचा. तिथे मोहित्यांचा ट्रॅक आहे, कार्टिंग म्हणजे या पोरांना घरचंच. "ताई, तू पक्ष्यांमागं चिखलात बसतीस, एकदा चल की कारीला," असं तो दोन वर्षं म्हणत होता. चेट्टिपाळयमचा हा ट्रॅक दोन किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे लहानच. एस. करिवर्धन यांच्या नावाचा. फॉर्म्युला मारुती गाडी बनवून ज्यांनी आपल्याकडच्या पोरांना परवडेल असं रेसिंग दिलं, ते करिवर्धन. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. ट्रॅक लहान असल्याचा फायदा असा की गाड्या पटापट परत येतात. एक फेरी चुकली तर मिनिट-सव्वा मिनिटात पुढची संधी.

माझ्याकडे होता निकॉन डी७२०० कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. मावसभावाचं आणि त्याच्या सगळ्या मित्रांचं एकच पालुपद: "३०० नं काय होतंय? ६०० घे की." मी विकत घेतली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. पुण्यात भाड्याने १५०-६०० घेतली, दिवसाला नऊशे रुपये. शर्यत दोन दिवसांची, पण भाडं लागलं पाच दिवसांचं, कारण कुर्ल्याहून येणारी कोइमतूर गाडी जाता-येता जो वेळ खाते त्याचंही भाडं आपणच भरतो. लेन्स माझ्या मांडीवर बसून सोलापूर, गुंटकल बघत आली, नऊशे रुपये रोज.

आणि ट्रॅकवर कळलं की ६०० फार जास्त होतात. प्रेक्षकांच्या जाळीमागे ज्या वळणासमोर मी बसले होते ते माझ्यापासून साधारण ६० मीटरवर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद. अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, की चौकटीत किती मीटर मावतात ते मिळतं. ६० मीटरवर ६०० लावली तर २.३५ मीटर. म्हणजे चार मीटरची गाडी अर्धीसुद्धा धड नाही. ३०० लावली तर ४.७ मीटर, गाडी पुढेमागे थोडी जागा ठेवून नीट बसते. जी लेन्स 'पुरायची नाही' म्हणून घरी ठेवून आले होते, तीच बरोबर होती! बाइकच्या शर्यतीला मात्र ६०० ची बाजू थोडी वर आली, बाइक दोन मीटरची असते.

हे अंतर घरबसल्या मोजता येतं. गुगल मॅपवर ट्रॅकचं उपग्रह चित्र उघडायचं, आपण बसणार तिथे बोट दाबून धरायचं, अंतर मोजायचा पर्याय निवडून वळणापर्यंत रेघ ओढायची. दोन मिनिटांचं काम. आता मी कुठल्याही ट्रॅकला जायच्या आधी हे करते आणि मगच लेन्सचा विषय काढते. खेळ तोच असला तरी जाळीपासूनचं अंतर वेगळं असतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. तो ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, आणि तिथली गाडी घसरली तर थांबायला सोडलेली मोकळी जागाच एवढी रुंद की प्रेक्षक पार लांब. सप्टेंबर २०२३ च्या मोटोजीपीला, म्हणजे बाइकच्या शर्यतीला, आमच्यातला एकजण ३०० घेऊन गेला आणि मुंग्यांचे फोटो घेऊन आला. तिथे ६०० म्हणणारा बरोबर.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. दुपारी बाराच्या सुमाराला मी सरळ पट्टीवरून समोर येणाऱ्या गाड्या ६०० वर टिपत होते. एकही फोटो धारदार नाही. सगळे पाण्याखालून काढल्यासारखे. मी भाड्याच्या लेन्सवर भडकले, दुकानदाराला लांबलचक मेसेज लिहिला, फोकस पुढे पडतोय, पैसे परत द्या वगैरे. पाठवायच्या आधी सहज सकाळच्या सराव सत्राचे फोटो बघितले. तीच लेन्स, तेच ६००, तीच जागा, आणि हेल्मेटवरचे ओरखडे दिसताहेत. लेन्सचा दोष नव्हता. तापलेल्या डांबरावरची हवा लाटा मारत होती, आणि जितकी लांब लेन्स तितकी जास्त लाटांतून तुम्ही बघता. यावर दोन लाखांची लेन्सही काही करू शकत नाही. मेसेज खोडला. तेव्हापासून समोरून येणाऱ्या गाड्या सकाळी नऊपर्यंत, आणि भर दुपारी जवळचं, आडवं जाणारं काय ते टिपायचं.

लेन्सवरच्या एका बटणाने मला वर्षभर फसवलं, तेही सांगून टाकते. निकॉनच्या माझ्या जुन्या ७०-३०० वर कंपन आवरणाऱ्या व्हीआरचे दोन प्रकार असतात, नॉर्मल आणि ॲक्टिव्ह. गाड्या पळताहेत म्हणजे ॲक्टिव्ह, असं मी गृहीत धरलं. ॲक्टिव्ह खरं तर *आपण* हलत्या गाडीत बसलेले असलो तर. कॅमेरा गाडीबरोबर फिरवताना, म्हणजे पॅनिंगला, नॉर्मलच हवा. तो आडवी हालचाल ओळखतो आणि फक्त वरखाली होणारी थरथर धरतो. ॲक्टिव्हवर लेन्स माझ्याशी भांडत होती आणि मला वाटायचं माझा हातच वाईट.

तरी हात वाईट होताच. पुण्याला परतल्यावर सराव सुरू केला. आधी कर्वे रस्त्यावर पीएमपीच्या बसेस. मग मंचरकडच्या एका गावात जत्रेच्या बैलगाडा शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून आमच्या जिल्ह्यातले घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, पुन्हा गाजायला लागलेत. पॅनिंग शिकायला बैलगाड्याच्या घाटासारखी शाळा नाही. बारी सुटते, निवेदक भिर्रर्र करतो, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. कॅमेऱ्याचा फोकस मात्र दरवेळी पुढच्या घोडीवर उडी मारायचा. त्यावरून ५१ फोकस पॉइंटांचा हव्यास सोडला आणि ९ पॉइंटांवर आले. शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर दिला. आधी अंगठा, मग बोट. आणि पाय आधीच जिथे फोटो काढायचा त्या दिशेला रोवून ठेवायचे, कंबर मागे वळवून गाडी धरायची, म्हणजे ऐन क्षणी अंग मोकळं सुटलेलं असतं. तिथल्या एका आजोबांनी माझं वळणं बघून विचारलं, "पोरी, कंबर धरली का?"

१/२५० पासून उतरत १/१२५ वर आले. शंभरात सातआठ बरे निघायला लागले. १/६० ला शंभरात एक, तोही गणपती पावला तर.

इथे उन्हाचा प्रश्न येतो, आणि याबद्दल कोणी आधी बोलत नाही. दक्षिणेतल्या दुपारी आयएसओ १०० वर १/१२५ शटर ठेवायचं तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १४-१६ पर्यंत आवळावं लागतं. १/६० ला आणखी पुढे. तिथे सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांनी दर्शन देते आणि चित्रही मऊ पडतं. उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची प्रकाश कमी करणारी काच. तीन स्टॉपची, म्हणजे आठव्या हिश्शाएवढाच प्रकाश सोडणारी, पुरते. १५०-६०० च्या तोंडाला ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, चांगला घ्यायचा तर त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. लहान तोंडाच्या लेन्सला लागणारा ७७ चा त्या मानाने पुष्कळ स्वस्त, आणि दुकानात मिळतोही. लेन्स निवडताना तोंडाचा व्यास बघायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

घरी निवडलेले ६२ फोटो समोर घेतले आणि कुठल्या मिलिमीटरला किती, ते मोजलं. ५१ फोटो १८० ते ३२० च्या मध्ये. सहाशेच्या टोकाला चार, चारही बाइकचे. निर्णय तिथेच झाला: ७०-२०० एफ २.८, आणि जोडीला लेन्सचे मिलिमीटर १.४ पट करणारा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे गरज पडली की २८० एफ ४.

नवी घ्यायची ऐपत नव्हती. नगरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने मिररलेस घेतला म्हणून त्याच लेन्सची जुनी आवृत्ती, व्हीआर टू, विकायला काढली होती. त्याच्या दुकानात गेले. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून बुरशी बघितली. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, आणि एकदा धरली की लेन्स गेली म्हणायची. फोकस आतबाहेर पन्नासदा पळवून मोटर कुरकुरते का ऐकलं. "ताई, हिनं तीनशे लग्नं काढलीत," तो म्हणाला. "गाड्या काय, नवरदेवाच्या घोड्यापेक्षा जास्त नाचणार हायत का?" पंचावन्न सांगितले, एकावन्नला दिली, पिशवी फुकट.

कॅमेरा बदलला नाही. डी७२०० सेकंदाला सहा फोटो काढतो आणि रॉ, म्हणजे कच्च्या मोठ्या फाइलींमध्ये, अठराएक फोटोंनंतर दम खातो. सुरुवातीला मी बोट दाबून धरायचे आणि ऐन ओव्हरटेकला कॅमेरा गप्प. आता चारपाचच्या तुकड्या काढते. नवा वेगवान कॅमेरा आला तर आवडेलच, नाही कशाला म्हणू. पण तो प्रश्न बोट उचलून सुटला.

पुढच्या मोसमात आयोजकांकडे रीतसर अर्ज केला, काही झालं तर जबाबदारी आमची अशा कागदावर सही केली, आणि भडक रंगाचं जॅकेट अंगात आलं. जाळी गेली. आता गाड्या वीस मीटरवर. तिथे १०० मिलिमीटरलाच पूर्ण गाडी मावते, आणि २०० ला कॉकपिट आणि हेल्मेट. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की गाडी आपल्याभोवती गोल फिरते, अंतर बदलत नाही, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत सगळी धारदार येते. बाहेरच्या बाजूने एकतर नाक किंवा शेपूट.

मी घडीचं स्टूल नेलं होतं. मार्शल अण्णांनी ते दोन बोटांनी उचललं आणि भिंतीमागे ठेवलं. "मॅडम, नो सिट्टिंग. कार कम्स, यू रन." गाड्यांकडे पाठ करायची नाही, मॉनिटरमध्ये डोकं घालून उभं राहायचं नाही, पिवळा झेंडा दिसला की आधी स्वतः कुठे आहोत ते बघायचं. अर्ध्या तासाने फॉर्म्युला एलजीबी या एकआसनी गाड्यांच्या गटातली एक गाडी आमच्या समोरच्या खडीत घुसली. तेव्हा उभी होते, ते बरं झालं.

दुपारनंतर पाऊस आला. ऑक्टोबरात तिकडे येतोच. महागडं रेनकव्हर नव्हतं. लॉजच्या बाथरूममधली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर, दुधाच्या पिशव्यांवर लावायचे रबरबँड लेन्सवर, आणि हूड पुढे. ढगांनी ऊन झाकलं म्हणून एनडी काढला, शटर ८० वर आणलं. टायरमागून उडणारा पाण्याचा फवारा, हेडलाइट, आणि मध्ये एकच धारदार हेल्मेट. दोन दिवसांतले माझे आवडते पाचही फोटो त्या चाळीस मिनिटांतले आहेत.

त्यातला एक नगरला पाठवला. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं: "चाकं फिरतायत राव." आणि त्याखाली लगेच दुसरा मेसेज: "ताई, मे महिन्यात दोन दिवस लेन्स मिळल का? भाच्याचं लग्न आहे, आणि ह्या नव्यावर माझा हात बसंना."