गुलमर्ग फेज टू: दोरीच्या पलीकडे नेणाऱ्या गाईडपासून सावध

जळगावच्या टूरवाल्यानं काश्मीरमधल्या गुलमर्गच्या स्कीइंगचं पॅकेज विकताना छातीठोक सांगितलं होतं, "सर्टिफाइड गाईड, बिकन, सगळं धरून आहे. तुम्ही फक्त झेलम एक्सप्रेसमध्ये बसा." बसलो. गाईड मिळाला, बिकनही मिळाले, म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस सिग्नलवरून शोधायची अंगावरची यंत्रं. पण गाईडला बिकन सर्चवर टाकता येत नव्हता आणि एका बिकनची बॅटरी 38 टक्क्यांवर होती. गुलमर्गबद्दल गोड गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एवढ्याच दोन गोष्टींसाठी लिहायला बसलोय.

तुम्हाला स्की येतं, औलीला किंवा गुलमर्गला कोर्स झालाय, गुडघे शाबूत आहेत, हे गृहीत धरतो. नुसते बर्फात फोटो काढायचे असतील तर गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा (फेज वन) करा, कहवा प्या, खाली या. पुढचं वाचायची गरज नाही.

गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा (फेज टू) अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3950 मीटरवर. आपण 200 मीटरवरून आलेली माणसं. तिथे बुटाची बक्कल लावायला वाकलं तरी धाप लागते. वरून समोर जो मोठा उघडा उतार दिसतो, तेवढ्याचीच काळजी स्की पट्रोल घेते. बर्फ पडून गेला की स्फोट करून सैल थर आधीच पाडून टाकतात, मग फेज टू उघडतात. त्या उताराच्या दोन्ही अंगांना जे काही आहे ते रामभरोसे. मध्ये फक्त दोरी आणि फलक. टूरवाल्यानं हे सांगितलं नव्हतं. त्याच्या मते "वरून खाली यायला एकच वाट, सगळे तिथूनच येतात".

रात्री बर्फ थांबला होता आणि सकाळी आभाळ लख्ख निळं. गोंडोलाच्या रांगेत जगभरची माणसं, प्रत्येकाला ताज्या बर्फावरची पहिली रेघ आपली हवी. आमचा गाईड वर पोचताच दोरीकडे निघाला. मधल्या उतारावर गर्दी आहे, बाजूला "फ्रेश पावडर" (ताजा भुसभुशीत बर्फ) आहे, म्हणे. पट्रोलच्या फलकावर त्या दिवसाचा धोका काय लिहिलाय हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

आता तो दोरीपलीकडचा तुकडा. दोरी ओलांडल्यावर धारेखालून आडवं जायचं होतं, एका उघड्या उताराच्या पोटातून. मोबाईलवर कोन मोजला तर 36 भरला. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावरच सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सरकत नाही, त्याहून उभ्या जागी तो साठून राहत नाही. म्हणजे स्कीला जो उतार सगळ्यात मजेचा, तोच सगळ्यात वाईट. मी मधोमध असताना पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला आणि स्कीच्या टोकाजवळून एक बारीक भेग वरच्या अंगाला पळत गेली, वीसेक फूट तरी. गाईड पुढून ओरडला, "कुछ नहीं साहब, बर्फ बैठ रहा है."

बसतच होता, त्याबद्दल वाद नाही. वर वाऱ्यानं घट्ट केलेला नवा थर, खाली हंगामाच्या सुरुवातीचा जुना बर्फ, थंडीनं जाड साखरेसारखा सुटा झालेला. माणसाच्या वजनानं खालचा थर ढासळला की वरची अख्खी लादी निसटते. हा आवाज म्हणजे डोंगरानं दिलेली शेवटची नोटीस. आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना पटत नाही: माणसं मरतात त्या दहातल्या नऊ वेळा बर्फ आपसूक येत नाही, गाडल्या गेलेल्यानं किंवा त्याच्याच सोबतच्यानं तो पाय ठेवून सोडवलेला असतो.

माझ्या मागे अमळनेरचा मित्र होता. तो जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, "तुले जानं व्हई त जाय भो, मी काही येस नही." एवढंच. मी वळलो. परतीला स्की खांद्यावर, मांडीपर्यंत बर्फ, एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळे लावून. पोलचे पट्टे मनगटातून काढलेले, कारण गाडलं गेल्यावर अडकलेला हात सुटत नाही. जायला दहा मिनिटं लागलेली वाट परतीला तासाच्या वर गेली. मधल्या उतारावर पाय ठेवला तेव्हा इतकं बरं वाटलं की लगेच आणखी दोन फेऱ्या मारल्या, आणि त्या भन्नाट झाल्या. त्यामुळे माझा निकाल ऐका: दोरीच्या आत राहा. आतला उतारही भल्याभल्यांना पुरून उरतो.

हे घाबरटपणाचं वाटत असेल तर तारखा बघा. 8 फेब्रुवारी 2010, गुलमर्गजवळचं खिलनमर्ग, हिमस्खलन: लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023, अफरवटचा हापतखुड भाग: पोलंडचे दोन स्कीअर. 22 फेब्रुवारी 2024: रशियाचा एक. तिन्ही फेब्रुवारीत, म्हणजे पॅकेजवाले ज्याला 'पीक सीझन' म्हणतात त्या महिन्यात. आणि 2010 चे जवान तर बर्फात राहायचंच शिकत होते.

बिकनबद्दल सविस्तर, कारण भाड्यानं घेतला की जीव वाचला अशी समजूत आहे. बिकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि घडीचं फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं. आम्हाला दिले नुसते बिकन. फावडं कुठाय म्हटलं तर "गाईड के पास है", आणि गाईडच्या सॅकमध्ये थर्मास आणि बिस्किटं. गाडल्या गेलेल्याला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तर तो बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर बहुधा नाही. खालून मदत येईपर्यंत तो वेळ गेलेला असतो; काढणार तर सोबतचेच. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हातानं उकरणं विसरा. म्हणून दुकानातच तीन गोष्टी करा. नव्या अल्कलाइन बॅटऱ्या आपल्या हातानं घाला. एकानं बिकन सेंडवर ठेवून लपवायचा, दुसऱ्यानं सर्चवर शोधायचा, आणि हे गाईडकडूनही करून घ्यायचं. त्याला जमलं नाही तर गाईड बदला. मोबाईल बिकनपासून निदान वीतभर लांब ठेवा, शोधताना हातभर, नाहीतर सिग्नल बिघडतो. ब्रँड कोणताही चालतो, सगळे 457 किलोहर्ट्झवरच बोलतात.

कोंगडोरी ते गुलमर्ग हा खालचा तुकडा सोपा समजला जातो. दुपारी तीननंतर तो सोपा नाही. देवदारांच्या सावलीत वाटेचा बर्फ काचेसारखा कडक होतो, त्यावर स्लेजवाले, गमबूट घातलेले पर्यटक आणि दमलेले पाय. डोक्याला मार इथेच बसतो. नटाशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च 2009 मध्ये कॅनडात अगदी नवशिक्यांच्या उतारावर पडली, हेल्मेट नव्हतं, उठून हसली, डॉक्टर नको म्हणाली. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू होता. दोन दिवसांनी गेली. फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरनं 2013 मध्ये हेल्मेट घातलं होतं, तरी दोन आखीव स्की-वाटांच्या मधल्या भागातल्या खडकानं घात केला. तेव्हा हेल्मेट घालाच, आणि आपटल्यावर डोकं दुखलं, उलटी झाली, माणूस झोपाळल्यासारखा वागू लागला तर हॉटेलात न्यायचं नाही, सरळ श्रीनगरचं मोठं हॉस्पिटल.

स्की भाड्यानं घेताना वजन न विचारता बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) स्क्रू फिरवणारा दुकानदार दिसला की बाहेर पडा. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघा जातो. आम्ही स्की घेतल्या त्या दुकानात परत देताना "बेस खराब किया" म्हणून 4000 मागितले. मित्रानं घेतानाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा साहेब एकदम चहा पाजायला लागले. दोन्ही बाजूंचा व्हिडिओ काढल्याशिवाय स्की हातात घ्यायचीच नाही.

गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला बर्फाच्या दिवशी चाकांना साखळी लावलेली गाडी सक्तीची असते, आणि तिथे भाव सांगणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून. समोरचा जो आकडा सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. तिथे येऊन "आमच्याकडे पास आहे" म्हणणाऱ्याला हात जोडा. वारा वाढला तर फेज टू बंद राहतो, त्यामुळे राखीव दिवस ठेवा. जून 2017 मध्ये वाऱ्यानं झाड गोंडोलाच्या तारांवर पडून सात माणसं गेली होती, तेव्हा बंद ठेवल्याबद्दल काउंटरवर भांडू नका.

बाकी प्रवास ठीक. दशम्या आणि लसणाची चटणी जम्मूपर्यंत पुरली. कटऱ्याहून श्रीनगरला आता वंदे भारत आहे, जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या दरडींत अडकण्यापेक्षा तीच बरी. आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. गटात एकाकडे तरी पोस्टपेड हवंच, डोंगरावर तर नक्कीच. प्रवास विम्यात स्कीइंग वगळलेलं असतं, स्वतंत्र जोडून घ्या आणि 'ऑफ-पिस्ट'बद्दलचं (आखीव उताराबाहेरच्या स्कीइंगचं) कलम वाचा.

गाईडचे पैसे टूरवाल्याकडे परत मागितलेत. त्याचं उत्तर: "वर नेलं होतं ना?" पुढच्यांनी व्यवहाराआधीच लिहून घ्यावं: गाईडचं नाव, त्याचं प्रमाणपत्र, आणि फावडी किती.