तुम्ही विचारलंत म्हणून: औषधाच्या पाकिटात माहितीचा कागद असताना ते ओढायचं कसं, हे मी दाखवत का बसतो?

"अहो, आत कागद असतो की! एका डबीसाठी माणसाला दहा मिनिटं काय बसवून ठेवता?" राजवाड्याजवळच्या माझ्या मेडिकलवर हे मी नेहमी ऐकतो.

फ्लूवरचं ओढायचं औषध, झानामिविर, माझ्याकडे क्वचितच येतं. बहुतेकांना ऑसेल्टामिविरच्या कॅप्सूल मिळतात. झानामिविर पोटातून फारसं शोषलंच जात नाही, म्हणून त्याची भुकटी एका डबीतून, म्हणजे इनहेलरमधून, ओढून थेट श्वासमार्गात न्यायची. 5 मिलिग्रॅमचा एक, असे दोन झुरके, दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि सुरुवात लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत. दमा असेल तर नकोच, छाती आवळू शकते. दुधाची ॲलर्जीही विचारतो, कारण भुकटीत लॅक्टोज असतं.

एवढं कागदावर आहेच. पण एका काकांनी "समजलं, समजलं" म्हणत डबी तोंडाला लावली आणि चुलीत फुंकणी घालावी तशी फुंकली! भुकटी माझ्या काउंटरवर. दुसऱ्यांदा ओढलं, तर बिडीसारखं: गाल आत, सगळं तोंडातच. चूक माझीही होती, 'ओढा' एवढंच म्हणालो होतो.

मग विचारलं, "काका, ओंकारेश्वरला नर्मदेत बुडी मारायचात ना?" चेहरा खुलला. "तोच श्वास. आधी छाती रिकामी करा, पण डबीत नाही, बाजूला. ओठ घट्ट, बाजूची भोकं झाकायची नाहीत, एका दमात खोलवर आत. आणि आता पाण्याखाली आहात, थांबा." थांबले. डोळेसुद्धा मिटले!

खरी अडचण त्याआधीची. भुकटीच्या खणांची चकती डबीत बसवायची, झाकण पूर्ण उभं करून एक खण फोडायचा, तोही डबी आडवी धरून. थरथरत्या बोटांना हे जमत नाही. 2001 साली ब्रिटनमध्ये इस्पितळातल्या वृद्धांना हे शिकवून पाहिलं, तेव्हा लगेचच निम्म्यांना डबी भरता आली नाही आणि दुसऱ्या दिवशी तर आणखी काहींना. म्हणून मी "समजलं का?" विचारत नाही, करून दाखवायला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो.

काकांकडे फोन काकूंनी उचलला. "झाकण मी उघडते हो, ह्यांनी नुसती बुडी मारायची."