पाय आपटला, आणि हिरवी वाळू नाहीशी झाली

रॉस्कॉफला गेलो ते उधाणाचे दिवस बघूनच. फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या या गावात उधाणाला पाणी आठ-नऊ मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो, की परत यायचं विसरलाय की काय असं वाटावं. १८७२ साली प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्युतिए यांनी सागरी जीवशास्त्राचं केंद्र इथे काढलं, त्यात नवल नाही. समुद्राचा तळ चक्क पायी हिंडून बघता येतो!

वाळूवर ओघळ होते तिथे गडद हिरवे डाग दिसले. शेवाळ समजून मी त्यावरून जाणार, तेवढ्यात पाय जोरात आपटला आणि डाग डोळ्यांदेखत फिका पडला. मग गुडघे टेकले, भिंग काढलं. तीन-चार मिलिमीटरचे हजारो हिरवे जीव वाळूत शिरत होते. सिमसॅजिटिफेरा रॉस्कॉफेन्सिस! नावातच गाव.

त्यांचा हिरवा रंग उसना आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर येतं ते बिनरंगी; वाळूतलं ठरावीक शैवाल त्याला गिळावं लागतं. ते मिळालं नाही तर पिल्लू जगत नाही. मिळालं की शैवाल अंगातच राहतं, उन्हावर अन्न करतं, आणि मोठेपणी हा प्राणी खाणंच सोडून देतो. तोंड आहे, पण आतड्याची पोकळी नाही, गुदद्वारही नाही.

या साधेपणानेच घोळ घातलाय. बरीच वर्षं यांना चपट्या कृमींत धरत. १९९९ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने त्यांना तिथून बाहेर काढलं, पण नवं घर कोणतं यावर अजून वाद आहे. डावी-उजवी बाजू असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या आधी फुटलेली ही फांदी, असं काहींचं म्हणणं. काही त्यांना तारामाशांच्या जवळ बसवतात. तसं असेल तर हा साधेपणा मूळचा नाही, होतं ते गमावून आलेला. मला हीच शक्यता जास्त गमतीची वाटते.

‘कृमी’ हा शब्दच मुळी फसवा. लांबट, मऊ, बिनहाडाचं दिसलं की कृमी! चार पावलांवर लगवर्मने, म्हणजे वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका कृमीने, वाळूच्या शेवया काढून ठेवल्या होत्या. हा गांडुळाच्या गोतातला. त्याला गोगलगाय नात्याने जवळची, शेजारचा हिरवा परका. लगवर्म शेपूट वर करून वाळू टाकतो तेव्हा मासे त्याचं टोक तोडतात, तरी गडी वर्षानुवर्षं जगतो. शरदात नर ओहोटीच्या वाळूवर शुक्रपेशींचं दुधाळ पाणी सोडतो; भरती ते माद्यांच्या बिळांत पोचवते.

एका दगडाखाली नेरीस वळवळली, तीही गांडुळाच्याच गोतातली. हिच्या भाऊबंदांत बहुतेकांचा एकच डाव: वेळ आली की डोळे मोठे होतात, पाय वल्ह्यांसारखे पसरट होतात, आतडं झिजतं. वर पोहत यायचं, अंडी-शुक्रपेशी सोडायच्या आणि मरायचं. मी दगड होता तसा परत ठेवला.

वळलो तर मागचे हिरवे डाग गायब. या वेळी मी पाय आपटला नव्हता. पाणी अजून बरंच लांब होतं, पण चालू लागलं होतं. बूट हातात घेऊन मीही निघालो.