मागे राहिलेल्यांची वारी

गुडघे गेल्यावर आजीनं पंढरपूरची वारी सोडली. मग आषाढीला ती कोल्हापूरहून नंदवाळला चालत जायची. आमचं प्रतिपंढरपूर ते. "इठ्ठल तितं बी हायच की," म्हणायची. तेहरानमध्ये घरमालकीण खानुमनं 'जामांदेगान' हा शब्द सांगितला तेव्हा मला आधी आजी आठवली. जामांदेगान म्हणजे मागे राहिलेले. आशुरा म्हणजे मोहरममधला, करबलेत इमाम हुसेन मारला गेला तो दिवस. त्यानंतर चाळिसाव्या दिवशी, अरबईनला, ज्यांना इराकात करबलेला जाणं जमत नाही ते तेहरानच्या इमाम हुसेन चौकातून निघून दक्षिणेला रेयच्या शाह अब्दुल अजीम दर्ग्यापर्यंत चालतात. तिथली जियारत, म्हणजे दर्शन, केली की करबलेला जाऊन आल्यासारखंच, असं वचन आहे. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास.

मी तेव्हा फारसी शिकायला तिथं होते. 2022 साली अरबईन 17 सप्टेंबरला, शनिवारी आला.

आदल्या दिवशी घरात शोले-जर्दचं पातेलं चढलं होतं. तांदूळ पार मेण होईपर्यंत शिजवायचा, मग साखर, केशर, गुलाबपाणी, बदामाचे काप. वाडग्यांत ओतून साय धरली की वर दालचिनीच्या पुडीनं 'या हुसेन' लिहायचं. बाजारात त्याचे छापे मिळतात, पण खानुमला त्यांचा भारी तिटकारा. ती चिमटीतून पूड सोडायची, अगदी आपण रांगोळी सोडतो तशी. मला वाटलं, हे तर येतंय आपल्याला. पण माझ्या 'सीन'चे दात एकमेकांत गेले. "दुख्तरम, पोरी, श्वास धरून लिही," खानुम म्हणाली. तिच्या अक्षराला कुठल्या खात्याचा परवाना लागत नव्हता. तिची लेक सतार शिकत होती. तिला मात्र सरकारी टीव्हीवर गाणं ऐकू यायचं आणि वाद्य दिसायचं नाही, कॅमेरा ते टाळतो.

लेकच फोन घेऊन आत आली. महसा अमिनी गेली होती. हिजाबवरून पोलिसांनी पकडलेली, बेशुद्धावस्थेत दवाखान्यात होती ती. खानुमचा हात वाडग्यावर थांबला. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाली आणि पुढचा वाडगा ओढला.

सकाळी इमाम हुसेन चौकातून निघालो. या चौकाचं क्रांतीआधीचं नाव फौजिया, शहाच्या पहिल्या बेगमेचं. दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्याचं नाव 17 शहरीवर. 8 सप्टेंबर 1978 ला, त्यांच्या पंचांगाप्रमाणे त्या तारखेला, 'झाले' नावाच्या चौकात लष्करानं जमावावर गोळ्या झाडल्या. तो चौक आता शोहदा, हुतात्म्यांचा. नुसत्या पाट्या वाचत गेलं तरी क्रांती समजते. त्या वर्षी सगळं चाळिसाव्यांवर चाललं होतं. जानेवारीत कोममध्ये माणसं मारली गेली, त्यांच्या चाळिसाव्याला तब्रीझ पेटलं, तब्रीझच्या चाळिसाव्याला यझ्द. शोक करायला जमलेल्यांना हटवायचं कसं, हे शहाला उमगलंच नाही. पुढे त्याच शोकाचे फलक सरकारनं छापले, कर्णे सरकारनं लावले. त्या दिवशी तर कर्ण्यांचा फारच जाच झाला. दर शंभर पावलांवर वेगळा नोहा, म्हणजे शोकगीत, तोही ठेक्यावर, लग्नाच्या बँडसारखा.

बाकी वारी ती वारीच. चहा, सरबत, मसुराची आमटी. नको म्हटलं तरी हातात कोंबतात. माझ्या टाचेला फोड आला, तो बघून एका आजीबाईंनी स्वतःच्या पिशवीतून चिकटपट्टी काढून दिली. नाव-गाव काही विचारलं नाही.

एका मैदानात ताजिया चालू होता. आपल्याकडे ताजिया म्हणजे ताबूत, तिथं ते नाटक. हुसेनच्या बाजूची माणसं हिरव्या पोशाखात, त्याला मारणाऱ्या शिम्रची लाल. हिरवे गातात, लालांना गाणं नाही, नुसती आरडाओरड. हातात संवादांचे कागद उघड धरलेले, ते कुणाला खटकत नाही. झैनबचं काम करत होता एक दाढीवाला, तोंडावर काळं फडकं घेऊन. भावाच्या, हुसेनच्या, मृत्यूनंतर खलिफा यझीदच्या दरबारात उभी राहून त्याला सुनावणारी ही बाई, आणि तिचा आवाज पुरुषाचा. चारचौघांत बाईनं एकटीनं गायचं नाही, असा तिथं नियम. ताजियातली ही रीत त्या नियमाहून खूप जुनी, म्हणून राग तरी कुणावर काढायचा? खानुमची लेक पुटपुटत झैनबच्या ओळी त्याच्याबरोबर म्हणत होती. तिला सगळ्या पाठ होत्या.

रेयला पोचलो. दारात चादोर, अंगभर घ्यायचं वस्त्र, मिळाली. मी अंगणातच थांबले. सोन्याचा घुमट दिसत होता, आणि कळस दिसला की दर्शन झालं हे आजीनं शिकवलेलं. खानुम आतून आली तेव्हा डोळे सुजलेले होते. परतीच्या मेट्रोत बायांची डोकी एकेका फोनवर वाकलेली. महसाच्या गावी, साक्केझमध्ये, सकाळी तिचं दफन झालं होतं, बायकांनी स्मशानात डोक्यावरचे रुमाल काढले होते.

त्यानंतर नेट सारखं बंद पडायचं. खानुमनं भिंतीवरच्या पंचांगात दिवस मोजले होते. 26 ऑक्टोबर, महसाचा चाळिसावा. रात्री उशिरा फिल्टरशिकन, म्हणजे व्हीपीएन, लागला आणि लेकीच्या फोनवर फोटो उतरला: साक्केझच्या आयची कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता माणसांनी भरलेला, मोटारीच्या टपावर पाठमोरी उभी एक मुलगी, केस मोकळे. खानुमनं चष्मा लावला. बोटांनी फोटो मोठा केला, मुलीवरून सरकवत मागच्या रस्त्यावर नेला, पार टोकापर्यंत.

"गावापासून किती लांब आहे गं?" तिनं विचारलं. "चालत आलेत सगळे."