14–2 वरून

बेसबॉलच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. आपल्याकडे आयपीएलमधला साखळी सामना आठवड्याभरात विसरला जातो, मग 162 मधला एक कोण लक्षात ठेवणार? पण अमेरिकेत क्लीव्हलंडला राहायला आल्यापासून एका सामन्याची गोष्ट माझ्या कानावर सतत पडत आली आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये, केस कापायला गेलं की तिथे, मुलांच्या शाळेबाहेर गाडीत ताटकळताना. 5 ऑगस्ट 2001, रविवार रात्र.

क्लीव्हलंडच्या संघासमोर होता सिअ‍ॅटल मरिनर्स. त्या हंगामात या संघाने 116 सामने जिंकले; 1906 च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. इचिरो सुझुकीचं अमेरिकेतलं पहिलंच वर्ष, आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा संघाने तिसऱ्या इनिंगलाच 12–0 आघाडी घेतली. (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने, तीन-तीन बळी पडेपर्यंत बॅटिंग करतात; अशा नऊ इनिंग्ज.) पाचव्या इनिंगनंतर फलक होता 14–2. क्लीव्हलंडचे मॅनेजर चार्ली मॅन्युएल यांनी रॉबर्टो अलोमार, हुआन गोन्झालेझ यांसारख्या बड्या खेळाडूंना विश्रांतीसाठी बाहेर काढलं आणि राखीव पोरं उतरवली. सामना सोडून दिला, असंच कुणीही म्हणेल.

आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ त्या दिवशी मैदानात होते. (इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडी मात्र काकाच येतं.) पाच वर्षांची मुलगी खांद्यावर झोपलेली, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. सहावी इनिंग संपल्यावर ते उठले. निम्मं स्टेडियम उठत होतं, असं ते सांगतात.

काकांना स्कोअरकार्ड भरायची सवय आहे. इथले जुने प्रेक्षक प्रत्येक बॅटरच्या चौकोनात काय झालं ते खुणांनी लिहून ठेवतात. ते कार्ड त्यांनी मला दाखवलं. पहिल्या सहा इनिंग्ज पेन्सिलीने, नीटस, बारीक अक्षरात. सातवीपासून निळं बॉलपेन, आणि अक्षर वाकडंतिकडं. घरासमोर गाडी लावली, रेडिओ चालूच होता, आणि त्यांना उतरवेना. पेन्सिल स्टेडियममध्येच राहिली होती. गाडीच्या खणात सापडलेल्या बॉलपेनने, स्टिअरिंगवर कार्ड टेकवून त्यांनी पुढचं लिहिलं. मुलगी मागच्या सीटवर गाढ झोपलेली.

सातव्या इनिंगमध्ये तीन धावा: 14–5. आठवीत जिम थोमी आणि मार्टी कॉर्डोवा यांचे होमरन (आपल्या षटकारासारखा फटका), एकूण चार धावा: 14–9. तरी नववीत दोन बॅटर बाद झाले तेव्हा पाच धावा कमीच होत्या.

इथे बेसबॉलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. वनडेत षटकं संपतात. चेंडूपेक्षा धावा जास्त हव्या झाल्या की पंचविसाव्या षटकातच आपण टीव्ही बंद करतो. बेसबॉलमध्ये षटकंही नाहीत आणि सामना संपवणारं घड्याळही नाही. प्रत्येक बाजूला नऊ इनिंग्जचे सत्तावीस बळी, बस. सत्ताविसावा पडेपर्यंत कितीही धावा काढा, कुणी अडवत नाही. ती पाच धावांची खाई शेवटच्या एका बळीवर भरून निघाली. आइनार डियाझच्या फटक्यावर दोन धावा आल्या, 14–11. मरिनर्सनी आपला हुकमी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, काझुहिरो सासाकी आणला. केनी लॉफ्टनने त्याला फटका मारला आणि तिन्ही बेस भरले, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर एकेक खेळाडू उभा. मग ओमार विझ्केल. तीन बॉल (पिचरच्या चुका), दोन स्ट्राइक (बॅटरच्या). आणखी एक स्ट्राइक आणि खेळ खलास. विझ्केलने चेंडू उजव्या कोपऱ्यात फटकावला, तिघेही ‘घरी’, म्हणजे धाव पूर्ण होते त्या बेसवर, धावले, तो स्वतः तिसऱ्या बेसवर. 14–14. कार्डावर त्या चौकोनात पेनने कागद फाटला आहे.

बरोबरी झाली की जादा इनिंग्ज खेळतात. अकराव्या इनिंगमध्ये होल्बर्ट कब्रेराने बॅट मोडत चेंडू डावीकडे टोलवला आणि दुसऱ्या बेसवरून सुटलेला लॉफ्टन घसरत घरी पोचला. 15–14. कब्रेरा हा अलोमारच्या जागी आलेला राखीव खेळाडू. सामना सोडून दिल्यासारखं वाटलं होतं, तो त्याच बदलीतल्या माणसाने जिंकला.

बारा धावांची पिछाडी भरून काढण्याचा हा विक्रम त्याआधी दोनदाच झाला होता: 1911 मध्ये डेट्रॉइटने आणि 1925 मध्ये फिलाडेल्फियाने. यातला 1925 चा मार क्लीव्हलंडनेच खाल्ला होता. काकांच्या वडिलांच्या पिढीने ते दुःख जपून ठेवलं होतं, त्यामुळे 2001 चा आनंद त्यांना दुप्पट.

या विजयाने पुढे काही मिळालं का? ऑक्टोबरमध्ये याच मरिनर्सनी क्लीव्हलंडला पाच सामन्यांच्या फेरीत 3–2 असं हरवलं. तेव्हा ‘इंडियन्स’ म्हणवणारा हा संघ 2022 पासून ‘गार्डियन्स’ आहे, स्टेडियमचंही नाव बदललं. पण त्या फेरीबद्दल इथे कुणी आपणहून बोलताना मी ऐकलेलं नाही. ऑगस्टमधल्या त्या रात्रीबद्दल सगळे बोलतात, आणि मला ते अगदी पटतं. चषकासाठी सगळेच जीव टाकतात. कशासाठीही नसलेल्या सामन्यात राखीव खेळाडूंनी तो टाकला, हे मला मोठं वाटतं.

काकांची ती मुलगी आता तिशीला टेकली आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आली की आम्हाला ऐटीत सांगते, “मी त्या मॅचला होते, बरं का.” काका मान डोलावतात आणि कार्ड शोधायला उठतात.