सहा पूर्ण व्हायला दोन दिवस कमी

डायपर पूर्ण सुटलं आहे का, हा प्रश्न मी क्रूझचं बुकिंग घेताना चहा येण्याआधीच विचारते. सासूबाई आठ्या घालतात, सून खाली बघते आणि मुलाचा बाप म्हणतो, "रात्रीच लावतो फक्त." रात्रीचं मला चालतं. माझा प्रश्न असतो तो संध्याकाळचा, कारण जहाजावरच्या मुलांच्या क्लबमध्ये तिशीतल्या आईबापांना दोन तास मोकळे मिळणार की नाही, हे त्यावर ठरतं.

जळगावात आमचं टूरचं ऑफिस आहे. क्रूझ विचारायला येणाऱ्यांना बाल्कनीची केबिन, जैन जेवण आणि कॅसिनो एवढंच ऐकायचं असतं. मुलांचा क्लब तिकिटातच आहे म्हटलं की खूश होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. पुढचं असं, की काही जहाजांवर ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११, मग १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट असतात. तीनच्या आतल्यांची नर्सरी वेगळी, तिचे तासावर पैसे. सगळ्यात लहान गटात डायपर तर नाहीच, चड्डीसारखं वर ओढायचं पुल-अपसुद्धा चालत नाही. ओलं झालं की आईबापाला बोलावणं येतं. रात्री दहानंतर क्लबचे वेगळे पैसे लागतात. आणि वय धरायचं ते जहाज सुटण्याच्या तारखेचं, पासपोर्टवर असेल तेच.

हे गट कंपनीगणिक बदलतात. कार्निव्हलवाले दोन वर्षांपासून घेतात आणि डायपरही बदलून देतात. एमएससीचा लहान गट ३ ते ६ आणि त्यापुढचा ७ ते ११. नॉर्वेजियनचा ३ ते ५, ६ ते ९, १० ते १२. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं एका जहाजावर एकत्र बसतील आणि दुसऱ्या जहाजावर वेगळी. हा तक्ता मी स्वतः करून भिंतीवर लावला आहे. मुंबई-सुरतेच्या मोठ्या एजंटांना विचारा, "हो जाएगा मॅडम" याच्यापुढे उत्तर नाही.

ज्या केसबद्दल लिहिते आहे, त्या कुटुंबाचं गाव आणि काही तपशील बदलले आहेत. चोपड्याकडचं म्हणू. थोरल्या भावाचं कृषी केंद्र, धाकटा केळीत. थोरल्याने बियाणं कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून डीलर टूर लागली होती: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर, चार रात्री. कंपनीकडून दोघांचं. बाकी धाकटा भाऊ, त्याची बायको, आजी आणि दोन मुलं हे सगळे स्वतःच्या पैशाने. अशा टूरमध्ये एका संध्याकाळी कंपनीचा कार्यक्रम असतो, त्यात बक्षिसं, भाषणं, मग जेवण. तिथं लहान मुलं नको असतात. आजी सोबत होत्या खऱ्या, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की त्यांना थिएटरमधला शो बघायचा आहे.

दोन मुलांपैकी मुलगी थोरल्याची, तिला परी म्हणू. मुलगा धाकट्याचा, दादू. परीचा जन्म फेब्रुवारीचा, दादूचा त्याच वर्षीच्या ८ मेचा. दोघंही जूनमध्ये पहिलीत जाणार, कारण आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण चालतात. जहाज सुटणार ६ मेला. म्हणजे परी ६ ते ८ मध्ये आणि दादू ३ ते ५ मध्ये. दोन दिवसांनी.

हे मी पासपोर्ट हातात घेतले त्या दिवशीच सांगितलं होतं, त्यांच्या घरी, कूलरसमोर बसून. पुढच्या आठवड्याची फेरी घ्या म्हटलं, दादू सहाचा होईल. पण वाढदिवस जहाजावर करायचा हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, केकही सांगून झाला होता. शिवाय डीलरची टूर, तारीख कंपनीची. आणि मेच्या मध्यापासून कपाशीच्या बियाण्याची विक्री सुरू होते, तेव्हा दुकान सोडून मालक जहाजावर असला तर झालंच.

थोरले म्हणाले, "दोन दिवसांनी काय होतं ताई? फॉर्मवर सहा टाका ना."

मी म्हटलं, "तुमच्या दुकानात आत्ता कोणी कपाशीचं पाकीट मागितलं तर द्याल?"

"छे! लायसन जाईल."

बोंडअळीमुळे कपाशीचं बियाणं ठरलेल्या तारखेआधी शेतकऱ्याला विकायचं नाही, हा कृषी खात्याचा दंडक त्यांना पाठ होता. त्यामागचं कारणही त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. तारखेचा नियम काय असतो हे ज्यांना कळत नाही अशातले ते नव्हतेच. दुसऱ्याचा नियम मात्र आपल्यासाठी वाकावा ही अपेक्षा सगळ्यांचीच असते. आजींच्या पासपोर्टवर १ जून होता. त्यांच्या पिढीत शाळेच्या मास्तरांनी निम्म्या गावाला १ जूनला जन्माला घातलं आहे. आजींचं म्हणणं एवढंच होतं, की तारीख लिहिणारा माणूस असतो, त्याला सांगता येतं. मग गटाचं सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "जहाजवर बी शाळाच शे का?"

मी फॉर्मवर पासपोर्टची तारीख टाकली. ती बदलणं शक्यच नसतं, मॅनिफेस्ट म्हणजे जहाजाची प्रवासी यादी पासपोर्टवरून बनते, चेक-इनला एक आकडा चुकला तर अख्खं कुटुंब बाजूला उभं राहतं.

६ मेला दुपारी साडेबाराला फोन आला. जळगावात बाहेर पंचेचाळीसच्या आसपास ऊन, सिंगापुरात तीन वाजलेले, जहाज सुटायला दीड-दोन तास. मुलांची नोंदणी पहिल्या दिवशी क्लबमध्ये जाऊन करावी लागते: ॲलर्जी, औषधं, कोण न्यायला येणार, फोटो काढला तर चालेल का. थोरल्या जाऊबाई काउंटरवर होत्या. "ताई, या मुलीशी तुम्ही इंग्लिशमध्ये बोला. ही दादूला बाळांच्या खोलीत टाकतेय."

ती फिलिपिनो मुलगी फार गोड बोलत होती आणि एक इंच हलत नव्हती. मी सगळं सांगितलं: वाढदिवस परवा आहे, दोघं एका वर्गात आहेत, एका घरात वाढलेत. वर नाही तर खाली घ्या, परीला लहानांच्या गटात बसू द्या. तेही नाही. काही जहाजांवर मोठ्याला खाली बसवतात, इथं नव्हतं. मी तिच्या वरच्या बाईंना बोलवायला सांगितलं.

त्या आल्या आणि त्यांनी मला जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत कुठल्याच ब्रोशरमध्ये वाचलं नव्हतं. मुलाच्या मनगटावर जी पट्टी बांधतात तिच्यावर त्या कुटुंबाच्या असेंब्ली स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, क्रमांक असतो, हे मला माहीत होतं. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा काही तासांपूर्वी चढलेल्या प्रवाशांचा तिथं जमायचा सराव झालेलाच नव्हता; आता सराव जहाज सुटायच्या आधीच उरकतात. पण त्या म्हणाल्या, भोंगा वाजला की आम्ही मुलं वयाने नाही, यादीने मोजतो. कुठल्या खोलीत किती, त्यांच्यासोबत कोण, पाचच्या आतल्यांना उचलायला किती हात लागतील. लहानांच्या खोलीत माणसं जास्त ठेवलेली असतात. तुमचा मुलगा वरच्या यादीत आणि जवळ हात कमी, हे मला नको आहे.

इथवर मला पटलं. मग त्या म्हणाल्या, "वाढदिवस प्रवासातच आहे, तर त्या दिवसापासून यादी बदलता येईल का ते मी बघीन. पण त्याच्या आईवडिलांनी दोघांनी येऊन सांगायला हवं."

फोन कानाला होता तेव्हाच व्हॉट्सॲपवर मेसेज वाजला. दादूच्या आईचा. ती तिथंच काउंटरपाशी उभी असणार.

"मॅडम राहू द्या. त्याला वेगळं बसू द्या. घरी तो बोलतच नाही, परीच बोलते त्याच्याऐवजी. शाळेतपण. बाईंनी सांगितलंय वेगळं बसवा. ताईंना माझं नाव सांगू नका."

दोन जावा, एक काउंटर, आणि मी जळगावात कूलरच्या आवाजात. फोन परत थोरल्या जाऊबाईंकडे गेला तेव्हा मी म्हटलं, "नियम पक्का आहे. होत नाही."

वाढदिवसापासूनचं मी सांगितलं नाही.

त्यांनी मला बरंच ऐकवलं. एवढे पैसे घेता, एक काम होत नाही. मग जहाज सुटलं आणि फोन बंद. समुद्रात इंटरनेटचं पॅकेज महाग, चोपड्याचा माणूस ते घेत नाही; मी घेऊ नका असंच सांगते. पेनांगला लागेपर्यंत मला काही कळणार नव्हतं.

पेनांगहून दादूच्या आईची व्हॉइस नोट आली, कुजबुजत, मागे बसचा आवाज. पहिल्या संध्याकाळी दादू रडला, स्टाफने बोलावून घेतलं. ती गेली आणि दाराबाहेरच थांबली, आत गेली नाही. वीस मिनिटांनी आवाज बंद झाला. मग त्याने स्वतः जाऊन निळा खडू मागितला. "स्वतः मॅडम," असं तिने दोनदा म्हटलं. परी मात्र क्लबमध्ये गेलीच नाही. आजींसोबत थिएटरमध्ये बसली आणि दर दहा मिनिटांनी विचारत राहिली की दादूला पाणी दिलं असेल का. सहा वर्षांची मुलगी. तिचं काय, हे त्या दिवशी कुणाच्याच बोलण्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डीलरांचा कार्यक्रम होता. दोन्ही मुलं आपापल्या खोलीत राहिली, कोणाला बोलावणं आलं नाही. थोरल्यांना ट्रॉफी मिळाली, तिचा फोटो मला फुकेतहून आला.

त्याच सकाळी, म्हणजे ८ मेला, दुसरा फोन. क्लबवाल्यांनी वाढदिवसाची टोपी दिली आणि त्या मॅनेजर बाईंनी हसत हसत विचारलं, आज सहाचा झाला, वर घ्यायचं का? थोरल्या जाऊबाईंनी मला विचारलं, "तुम्ही तर म्हणालात होतच नाही. आता कसं होतंय?" मी म्हटलं, ते जहाजावर ठरतं, तिथल्या बाईंच्या हातात असतं. हेही खरंच होतं.

त्याला वर घेतलं. आई-वडील दोघांनी येऊन सांगितलं. आई काय करणार, नवरा आणि दीर दोघं शेजारी. शेवटच्या दिवशी जहाज समुद्रातच होतं, दिवसभर दोघं ६ ते ८ मध्ये. सिंगापूरला उतरल्यावर तिने लिहिलं: तिथं त्याला काहीही विचारलं की परी सांगायची. तो बाजूला बसायचा, खूश होता. एवढंच. पुढे एक हात जोडलेला इमोजी.

तो खूश होता, हेच मला अजून पचत नाही. मी जे थांबवायला बघत होते त्यात पोरगा आनंदात होता, आणि जिथं तो बोलला तिथं आधी वीस मिनिटं रडला. आमच्या धंद्यात ग्राहक तो, ज्याच्या नावाने पावती. पावती थोरल्यांच्या नावाने होती, फॉर्मवर सही त्यांची. मी काम त्यांचं करायला हवं होतं असं माझा नवरा म्हणतो; तो हिशेब बघतो, त्याला सोपं आहे. पण मूल ज्याचं त्याला विचारायचं, हे तर त्या जहाजाच्या बाईंनाही कळत होतं, म्हणून त्यांनी आईवडील म्हटलं. फक्त तिथं येऊन मोठ्याने बोलता येईल अशा घरातली ती आई नव्हती. नियम तिच्या बाजूने बोलला, दोन दिवस. मी तो तसाच बोलू दिला, आणि पुन्हा वेळ आली तर तसाच बोलू देईन असं आज तरी वाटतं. परीचं लक्षात आलं की मात्र पुन्हा गोंधळते.

थोरल्यांनी पुढची बालीची टूर सुरतेच्या एजंटकडे दिली. अपेक्षितच होतं. "हो जाएगा" ऐकायला मिळालं असेल.

जूनच्या शेवटी थोरल्या जाऊबाईंचा फोन आला, जहाजावरच्या फोटोंची लिंक हवी होती. राग गेलेला दिसला. बोलता बोलता म्हणाल्या, "शाळेतसुद्धा यंदा दोघांना वेगळ्या तुकड्या दिल्या हो. आई तर भांडायलाच निघाल्या होत्या. जाऊ म्हणते, शाळेचा नवीन नियम आलाय, भावाबहिणीला एका तुकडीत ठेवत नाहीत. असतो का असा नियम?"

मी म्हटलं, "असतो काही शाळांचा."

आणि फोटोंची लिंक पाठवून दिली.