इव्हिनिंग ब्राऊनची थंडीतली बॅच

मंडळी, इव्हिनिंग ब्राऊन हे गवतावर वाढणारं तपकिरी फुलपाखरू मी घरी अंड्यापासून वाढवतो. पावसाळी बॅचनंतर आता थंडीतलीही फुलपाखरं कोषातून बाहेर पडली. गवत तेच, पिंजरा तोच, साताऱ्यातली गॅलरीही तीच. तरीही दोन्ही बॅचचे फोटो शेजारी ठेवले तर नवख्याला दोन वेगळ्या जाती वाटतील. पावसाळ्यातल्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ठसठशीत रांग आहे. थंडीतल्यांचे ठिपके पुसल्यासारखे, पंखांचं टोक जास्त आकडेदार, आणि रंग इतका वाळक्या पानाचा की पिंजऱ्यात तळाशी बसलेलं एखादं शोधावंच लागतं.

या वेळी मला बघायचं होतं, पावसाळी की थंडीतलं, हे रूप ठरतं कधी? यावर सर्वांत जास्त काम झालंय ते आफ्रिकेतल्या बायसायक्लस अनायनाना या फुलपाखरावर, म्हणजे आपल्याकडच्या बुशब्राऊन या तपकिरी फुलपाखरांच्या भाऊबंदावर. त्याच्या अळ्या २७ अंशांना वाढवल्या की मोठ्या डोळ्यांचं पावसाळी रूप मिळतं, २० अंशांच्या खाली कोरड्या ऋतूचं. निर्णायक काळ म्हणजे अळीची शेवटची अवस्था आणि कोषाची सुरुवात. गारव्यात वाढलेल्या कोषात एक्डायसोन हे संप्रेरक उशिरा वाढतं. अशा कोवळ्या कोषाला ते बाहेरून टोचलं, तर ठिपके पावसाळी वळणावर जातात. पंख दिसायच्या कितीतरी आधी अळीने अंगावर घेतलेली थंडी पुढे पंखावर उमटते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

म्हणून अळ्यांनी शेवटची कात टाकल्यावर बॅचचे दोन भाग केले. एक गॅलरीतच ठेवला. तिथे यवतेश्वराच्या डोंगराकडून येणारं वारं पहाटे चांगलंच झोंबतं. दुसरा बल्ब लावलेल्या पेटीत, २६-२७ अंशांना. पेटीतल्यांना ठिपके आले! पावसाळ्याइतके मोठे नाहीत, मधल्या मापाचे. लहानपण थंडीत गेलेलं असूनही शेवटच्या टप्प्यातल्या उबेने एवढा फरक पडला. पेटीतल्या अळ्या लवकर कोषात गेल्या आणि त्यांचे कोष गॅलरीतल्यांपेक्षा लहान भरले. बहुतेक कीटकांत हेच दिसतं: गारव्यात वाढ रेंगाळते, पण अंग मोठं होतं.

नोंदी ठेवणाऱ्यांना कळकळीने सांगतो, खोलीचं तापमान लिहून भागणार नाही. थर्मामीटर अळी बसते त्या पानापाशी हवा, आणि किमान-कमाल दोन्ही आकडे हवेत. नुसत्या सरासरीत पहाट हरवते.

दुसरी गोष्ट अंड्यांची. अळी उन्हातून पानाखाली सरकते, फुलपाखरू सकाळी पंख पसरून ऊन खातं. अंडं आणि कोष मात्र जागचे हलत नाहीत. उन्हाच्या तडाख्यापासून वाचायला त्यांना जे करायचं ते आतल्या आतच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत इनक्युबेटर जास्त तापला, आणि फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण. त्यातूनच पुढे हीट शॉक प्रोटीन्स सापडली. उष्णतेने इतर प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ती सावरून धरणारी ही प्रथिनं. पण फळमाशीचं अगदी ताजं अंडं ती बनवू शकत नाही. त्या वेळी गर्भाची स्वतःची जनुकं जवळपास गप्प असतात, सगळा कारभार आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. काही तासांनी हे सामर्थ्य येतं. हे वाचल्यापासून एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायने अंडी घातली, की मी ती कुंडी त्याच दिवशी सावलीत घेतो. अळ्या मोठ्या झाल्या की इतकी घाई करत नाही.

पुढची बॅच पेटीशिवाय, फेब्रुवारीअखेरीस. तेव्हा साताऱ्यात हवा कोरडी असते पण दुपारी चांगलीच तापते. आपलं इव्हिनिंग ब्राऊन उबेचं ऐकतं की कोरडेपणाचं, ते तिथे कळेल. माझा अंदाज उबेच्या बाजूने आहे. सांगली-मिरजेकडे रात्री आमच्यापेक्षा उबदार असतात, त्यामुळे तिकडच्या कुणी त्याच आठवड्यात अंडी धरली तर फार बरं होईल. पंखांची खालची बाजू दिसेल असा फोटो आणि शेवटच्या कातेपासूनचे किमान-कमाल आकडे, एवढं पुरे.